एका हातात शिक्का, दुसऱ्या हातात पावतीपुस्तक

शेतकरी आणि मच्छीमार बांधवांनो,

समजा, बापाच्या पश्चात जमिनीवर वारसनोंद करून घ्यायला तुम्ही तलाठी कचेरीत गेला आहात. कागद तयार आहेत, सही तेवढी राहिली आहे. एवढ्यात खणातून एका पक्षाचे पावतीपुस्तक निघते. "काका, मनाला येईल ते द्या, जबरदस्ती नाही हं!" सांगा, त्या घडीला नाही म्हणण्याची तुमची छाती होईल काय? होडीच्या परवान्यासाठी मत्स्यखात्याच्या कचेरीत ताटकळणारा डुमसचा मच्छीमार तरी नाही म्हणेल काय? अशा पैशाला देणगी कसे म्हणावे? तो दंडच. पावती मिळते, एवढाच फरक!

कायद्याला हे ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पाचवा नियम सांगतो की, सरकारी नोकराने राजकीय पक्षाचा सभासद होऊ नये, त्याला वर्गणी देऊ नये, निवडणुकीत प्रचार करू नये. मत जरूर द्यावे, पण ते कोणाला दिले याचा सुगावा लागू देऊ नये. बाराव्या नियमाप्रमाणे तर वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीवाचून कोणत्याच कामासाठी निधी गोळा करता येत नाही. गुजरातचे १९७१ चे आणि महाराष्ट्राचे १९७९ चे नियम याच धोरणाचे आहेत.

कोणी म्हणेल, नोकर झाला म्हणून काय त्याला मते नसावीत? जरूर असावीत. त्याचे उत्तर सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीने १९२८ सालीच दिले आहे. सरकारने शेतसारा बावीस टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरायचे नाकारले. सरकारने जप्त्या सुरू केल्या. तेव्हा कित्येक गावचे पटेल आणि तलाठी लोकांच्या बाजूने उभे राहिले. पण कसे? आधी राजीनामे देऊन! सरकारी दप्तर काखेत ठेवून त्यांनी चळवळ केली नाही. पुढे तडजोड झाली, तेव्हा राजीनामे दिलेल्या तलाठ्यांना परत घ्यावे, ही अट त्यात होती. बाणेदारपणा म्हणतात तो हा.

मी शिक्षक आहे, म्हणून घरचेच सांगतो. निवडणुकीच्या दिवशी आम्हीच मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसतो. आदल्या आठवड्यात मी तुमच्या दारी एका पक्षाची पावती फाडली असेल, तर त्या दिवशी माझ्यापुढच्या मतपेटीवर वा यंत्रावर तुमचा विश्वास कसा बसावा? आणि वरून दडपण आले, तर "नियम आड येतो" एवढे म्हणण्यापुरता हाच नियम गरीब नोकराची ढाल आहे.

तेव्हा बांधवांनो, पक्षाला पैसे द्यायचे तर खुशाल द्या. आपल्या ओट्यावर, आपल्या मर्जीने, पक्षाच्या कार्यकर्त्याला द्या. कचेरीत पावतीपुस्तक निघाले, तर मात्र शांतपणे विचारा, "साहेब, याला परवानगीचा कागद आहे काय?" एकट्याला धीर होत नसेल, तर चौघांनी मिळून विचारा.

सही हा तुमचा हक्क आहे. हक्काला वर्गणी कसली?