जातीचे नाव न घेता उभी राहिलेली वेस

मनुस्मृतीने चांडाळांना गावाबाहेर राहायला लावले. अमेरिकेत तेच काम झोनिंगने केले. झोनिंग म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधायचे, हे ठरवणारे नियम.

१९१० साली बाल्टिमोर शहराने काळ्यांनी आणि गोऱ्यांनी कोणत्या गल्लीत राहायचे, हे कायद्यानेच ठरवले. लुईव्हिलचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेतून जातीपायी हाकलले गेले.

मग अमेरिकेतला भेद संपला का? नाही. वंशाचा उल्लेखही न करणारा एक नियम हाताशी होताच : एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर. बर्कले शहराने तो १९१६ मध्येच आणला होता. १९२६ मध्ये युक्लिड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली. बंगल्यांच्या वस्तीतले अपार्टमेंट त्या निकालात परोपजीवी ठरले!

यातली मेख समजून घ्या. प्लॉट मोठा, घर एकच, म्हणजे जमिनीची सगळी किंमत एकाच कुटुंबाने मोजायची. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबवले, नंतर गृहकर्जही नाकारले, ते ही किंमत कुठून आणणार? तिथल्या सरकारी शाळांचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे ज्याला वस्तीत घर नाही, त्याच्या मुलांना चांगली शाळाही नाही.

आता ही वेस ढासळते आहे. मिनियापोलिसने २०१८ मध्ये एका प्लॉटवर तीन घरांना परवानगी देणारा आराखडा मंजूर केला. २०१९ मध्ये ओरेगॉनने मोठ्या शहरांत चार घरांपर्यंत मुभा दिली, २०२१ मध्ये कॅलिफोर्नियानेही कायदा केला. विरोधक म्हणतात, ‘वस्तीचे स्वरूप बिघडेल.’ ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘आमच्या सोसायटीचं वातावरण वेगळं आहे’ असे म्हणत घर नाकारणारे आपण इथे रोज पाहतो.

काही पुरोगामी म्हणतात, फायदा बिल्डरचाच होईल. ही भीती खोटी नाही. म्हणून भाडेकरूंना संरक्षण हवे, सरकारने परवडणारी घरेही बांधली पाहिजेत. पण बिल्डरच्या भीतीने वेस राखायची, हे कुठले पुरोगामित्व?

अमेरिकेत बंगला घेतलेल्या आपल्या बांधवांना एकच विचारायचे आहे. २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा आपण आनंद साजरा केला. उद्या शेजारच्या प्लॉटवर चार भाडेकरू कुटुंबांची इमारत येणार असेल, तर सुनावणीत तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल? वेशीबाहेर काढलेल्यांच्या लेकरांनी तरी वेशीची राखण करू नये.

जय भीम!