थैमान, कहर आणि एक साधी सर

जुलैची सकाळ. खिडकीबाहेर पाऊस पडतो आहे, जुलैत पडावा तसा. दूरचित्रवाणी संच सुरू करावा, तर लाल पट्टी झळकते : ‘मुंबईत पावसाचे थैमान’. रेनकोट घातलेला प्रतिनिधी घोटाभर पाण्यात उभा राहून ओरडतो आहे आणि त्याच्या मागून एक आजोबा दुधाची पिशवी सांभाळीत शांतपणे घरी निघाले आहेत. त्या दृश्यातील खरी बातमी ते आजोबाच देतात.

सांताक्रूझ वेधशाळेची एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक आहे. म्हणजे दिवसाकाठी पंचवीस-तीस मिलिमीटर पाऊस हा तेथे नित्यक्रमच आहे. हवामान खात्याची मोजपट्टी स्पष्ट आहे : चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढे त्याहूनही वरची पायरी. ‘थैमान’, ‘कहर’, ‘हाहाकार’ या पायऱ्या मात्र कोणत्याच मोजपट्टीवर नाहीत. पिवळा इशारा म्हणजे ‘लक्ष ठेवा’ इतकेच. तरी तो लाल इशाऱ्याच्याच आवाजात वाचला जातो.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘२६ जुलै २००५ विसरलात का?’ विसरलेलो नाही, म्हणूनच हा लेख. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो हाहाकार होता. पण सत्तर मिलिमीटरलाही हाहाकारच म्हणायचे असेल, तर ९४४ साठी कोणता शब्द उरतो? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. त्या रात्रीसाठी राखून ठेवावे असे शब्द आदल्या कित्येक पावसाळ्यांत घोटाभर पाण्यावर उधळून झाले होते. रोज ‘लांडगा आला’ ऐकणारा माणूस खऱ्या इशाऱ्यालाही कूस बदलून झोपतो.

आम्हां व्याकरण शिकवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकते. ‘पावसाने मुंबई ठप्प केली’ या वाक्यात क्रियेचा कर्ता पाऊस आहे. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ती क्षमता ५० वर नेण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा १९९३ चा. समुद्राला भरती असली की पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. नालेसफाई, काँक्रीटखाली गेलेली जमीन, बुजवलेली खारफुटी हे सारे त्या वाक्यातून अलगद वगळले जाते. ज्याला जाब विचारता येत नाही अशा पावसाला कर्ता केले की ज्यांना विचारता येतो ते सुटतात. ही अतिशयोक्ती म्हणूनच निरुपद्रवी नाही. ती कुणाच्या तरी सोयीची आहे.

आणि मराठीचे काय? या भाषेला पावसाचे किती बारकावे ठाऊक होते : भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, झड, संततधार. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’. शेतकऱ्याने ही नावे पेरणी-लावणीच्या गरजेतून घडवली, हौसेतून नव्हे. परवा प्रथम वर्षाच्या वर्गात ‘झड म्हणजे काय?’ असे विचारले. कोणालाच सांगता आले नाही. निबंधात मात्र प्रत्येकाच्या पावसाने ‘थैमान’ घातले होते. ती मुले दोषी नाहीत. जे रोज कानांवर पडते तेच वहीत उतरते. झड शब्द त्यांच्या कानी घालणे हे काम आमचे होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

वाहिन्यांकडे मागणे फार मोठे नाही. किती मिलिमीटर, किती तासांत, भरती केव्हा, कोणता नाला तुंबला आणि तो कोणी साफ करायचा होता, एवढे सांगा. आणि ज्या दिवशी नुसतीच सर येऊन गेली असेल, त्या दिवशी ‘सर येऊन गेली’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवा.