सोय कोणाची?

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर आज जिथे महाविद्यालय आहे, तिथे १९८७ पर्यंत ‘विलोब्रूक’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांची सरकारी संस्था होती. सुमारे चार हजारांसाठी बांधलेल्या या इमारतींत साठच्या दशकात सहा हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली होती. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी तिथे जाऊन हादरून परतले. तरी फारसे काही हलले नाही. पालकांना संघटित करतो म्हणून मायकेल विल्किन्स या डॉक्टरला संस्थेने काढून टाकले. किल्ली मात्र त्याच्याकडेच राहिली होती. १९७२ मध्ये त्याने पत्रकार जेराल्डो रिव्हेरा यांना आत नेले आणि घाणीत बसलेली उघडी मुले अमेरिकेने टीव्हीवर पाहिली.

अशा संस्था दुष्ट हेतूने उभ्या राहिल्या नव्हत्या. सॅम्युएल हाऊ यांनी १८४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा काढली, ती मुलांना शिकवून घरी धाडण्यासाठी. अपंगांना समाजापासून तोडून एकत्र ठेवू नका, असा इशारा त्यांनीच १८६६ मध्ये दिला. तो कोणी मनावर घेतला नाही. शाळांची कोठारे झाली.

मग सोयीचे राज्य सुरू होते. विलोब्रूकमध्ये १९५६ पासून मुलांना मुद्दाम काविळीची लागण करण्यात आली. इथे ती एरवीही होणारच, हा संशोधकांचा बचाव. गर्दी आणि घाण हटवण्याऐवजी तीच प्रयोगाची सबब ठरली.

ही परदेशातली गोष्ट म्हणून आपण सुटत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटना आक्रमक झाल्या, तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या.

विलोब्रूकच्या पालकांनी न्यायालय गाठले. १९७५ च्या निवाड्यात तिथली संख्या अडीचशेवर आणून बाकीच्यांना वस्तीतल्या छोट्या घरांत हलवायचे ठरले. आपल्या २०१६ च्या कायद्यानेही दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. पण ‘आमच्या माघारी याचे कसे होणार?’ असे विचारणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांना कलम दाखवून भागत नाही. तालुक्याच्या गावी चार-सहा जणांची घरे, तिथल्या मदतनिसांना नियमित पगार आणि आज चालू असलेल्या वसतिगृहांची पालकांना सोबत घेऊन, न कळवता होणारी तपासणी, एवढ्यासाठी सरकारने येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.