तांबड्या रेघेचा अर्थ

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळहून भोरकडे वळा, नाहीतर नसरापूरहून वेल्ह्याची वाट धरा. डोंगरांची ठेवण सारखीच दिसते. काळ्या कातळाच्या पायऱ्या एकीवर एक रचलेल्या, आणि मधूनच दोन पायऱ्यांच्या सांध्यात एक तांबडी रेघ. रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तिथे ती विटेसारखी उठून दिसते. राजगड-तोरण्याला निघालेली तरुण मुले तिच्याजवळून जातात, थांबत नाहीत. थांबतात ती भूशास्त्राची मुले. हातोड्याने ढलपा काढतात, भिंगातून पाहतात, वहीत टिपण करतात आणि तुकडा पिशवीत घालून निघून जातात. ती मुले इथून काय घेऊन जातात आणि त्यातले इथे परत काय येते, याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा बनला आहे, हे शाळेत आपण सर्वांनी वाचलेले असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि आज पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. पण हे उद्रेक अखंड नव्हते. मध्ये विश्रांती असे. त्या काळात वरचा थर ऊनपावसाने झिजे, त्याची माती होई, काही ठिकाणी दूरची राख येऊन बसे. मग पुन्हा नवा लाव्हा येई आणि ती माती त्याखाली दडपली जाऊन भाजून निघे. ती ही तांबडी रेघ, गेरूचा थर. डोंगराने घेतलेल्या उसंतीची ती खूण आहे.

या खुणेचे मोल जगाने ओळखले आहे. डायनासोर नाहीसे झाले ते अवकाशातून आदळलेल्या अशनीमुळे, की त्यात दख्खनच्या ज्वालामुखीचाही हात होता, हा वाद जुना आहे. तो सोडवायचा तर लाव्ह्याचे नेमके वय हवे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम घाटातील अशा तांबड्या थरांतून झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण वेचले आणि त्यांवरून वय काढले. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाच्या लेखकांत अमरावती विद्यापीठाचे एस. एफ. आर. खाद्री हेही होते. २०१९ साली त्याच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक शोन यांच्या गटाचा आणि दुसरा कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाचा. या दुसऱ्या गटात मुंबईच्या आयआयटीचे कांचन पांडे होते. दोन्ही निबंधांचे निष्कर्ष पूर्ण जुळले नाहीत. शास्त्रात असेच चालते, आणि ते निरोगीपणाचे लक्षण आहे.

डोंगरातल्या वाडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे कोडे पडलेले नाही, येत्या चैत्र-वैशाखाचे पडले आहे. भोरला भाटघर आणि नीरा देवघर, वेल्ह्याला पानशेत आणि गुंजवणी, अशी चहूकडे धरणे. भाटघरचे पाणी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जाते, पानशेतचे पुण्याच्या नळाला येते. पण माथ्याजवळच्या वाडीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण उगाच पडलेली नाही. पाऊस तर इथे धो धो पडतो. मग फाल्गुनात ते पाणी जाते कुठे?

याचेही उत्तर बरेचसे त्या थरांतच आहे, आणि ते शोधण्याचे काम पुण्यातच झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील एस. बी. देवळाणकर यांनी १९८० साली दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी किती आणि कुठे साठते यावर निबंध लिहिला. पुढे हिमांशु कुलकर्णी आणि देवळाणकर यांनी हे काम एकत्र वाढवले, आणि १९९८ साली पुण्यात भूजलाच्या अभ्यासासाठी ‘ॲक्वाडॅम’ ही संस्था उभी राहिली. सांगायची गोष्ट तशी सोपी आहे. कातळ सगळा सारखा नसतो. घट्ट काळ्या कातळात भेगा नसतील तर पाणी शिरत नाही. सच्छिद्र आणि झिजलेल्या थरात ते साठते. खाली चिकणमातीचा तांबडा थर लागला की ते पुष्कळदा तिथेच अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते. म्हणजे जी रेघ प्रिन्स्टनला काळाचे घड्याळ वाटते, तीच वाडीला पाण्याचा पत्ता सांगते.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. विहिरीच्या कर्जाची प्रकरणे टेबलावरून जात. त्यात सातबारा असे, जामीनदार असत, अंदाजपत्रक असे. जमिनीखाली काय आहे हे मात्र बहुधा पाणाड्याच्या भरवशावर असे. विहिरीला पाणी लागो न लागो, हप्ता मात्र वेळेवर लागतो. त्याच शिवारातल्या खडकांचा नकाशा कोणा विद्यार्थ्याच्या प्रबंधात काढलेला असतो, इंग्रजीत, कापडी बांधणीत, विभागाच्या कपाटात. मार्गदर्शकाने तो वाचलेला असतो, परीक्षकाने वाचलेला असतो. ज्याच्या बांधावर उभे राहून तो काढला, त्याने तो पाहिलेलाही नसतो.

कोणी म्हणेल, संशोधन म्हणजे समाजसेवा नव्हे. त्यावर ताबडतोब उपयोगाचे ओझे लादू नये. हे मला मान्य आहे. डायनासोरांचे कोडे सोडवणाऱ्याने विहिरी खोदाव्यात असे कोणी म्हणू नये. ज्ञान हे ज्ञान म्हणूनही हवेच. पण काढलेला नकाशा गावाला दाखवण्याने शास्त्राची शुद्धता भंगत नाही. शिवाय वेळही थांबलेली नाही. वेल्ह्याला राजगड तालुका म्हणायचे, असा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. नावाबरोबर जमिनीचे मोलही बदलत आहे. डोंगरउतार विकले जातात, प्लॉट पडतात, यंत्राने कडा कापल्या जातात. असा एक काप नेमका पाणी वाहणाऱ्या थरात गेला, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा झरा आटू शकतो.

आणि प्रश्न केवळ पाण्याचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी, भोरहून वरंध घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाड तालुक्यात, तळिये गाडले गेले. पाणी कोणत्या थरावर अडते आणि कोणता उतार भिजून जड होतो, या दोन्ही गोष्टी एकाच पाहणीत कळू लागतात.

म्हणून एक साधी सूचना. ज्या गावच्या डोंगरावर प्रबंध लिहिला, त्या गावाला विद्यार्थ्याने दोन पानांचा मराठी गोषवारा आणि एक नकाशा द्यावा. ग्रामसभेत तो स्वतः वाचून दाखवावा आणि विद्यापीठाने त्याला गुण ठेवावेत. नकाशाची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लागावी. बँकेने विहिरीचे प्रकरण करताना तो मागावा. गावाकडेही देण्यासारखे आहे. कोणता झरा वैशाखापर्यंत टिकतो, कोणती विहीर कधी आटली, हे म्हाताऱ्या आजीला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही उपकरणाला नसते. तेही प्रबंधात यावे, तिच्या नावासकट.

गावाने त्या मुलांना वाट दाखवली, पाणी दिले, पडवीत झोपायला जागा दिली. बँकेच्या भाषेत हे बिनव्याजी कर्ज आहे. त्याची परतफेड दोन पानांत होण्यासारखी आहे, आणि ती पाने वैशाखाच्या आधी गावात पोचली पाहिजेत.