देवाच्या वनाचे राखणदार

विजयादशमीस आपट्याचे पान आपण सोने म्हणून स्वीकारतो. ते ज्या रानातून येते ते कोणी राखले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. (आणि त्या पानांसाठी आपण फांद्याच्या फांद्या ओरबाडतो, हे निराळेच!) आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील गोंड व कोलाम बांधव वृक्षात, डोंगरात देव पाहत आले. देवाच्या राईत कुऱ्हाड चालवू नये, हा दंडक पाळण्यास त्यांना कोणाच्या राजाज्ञेची गरज भासली नाही. धर्मशास्त्र देवाच्या मालमत्तेस देवस्व म्हणते व तिचा अपहार निषिद्ध मानते. गाभाऱ्यातील अलंकार देवस्व, मग राई का नव्हे?

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथील गोंडांनी २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर तो मिळविला. ओडिशातील नियमगिरीवर खाण व्हावी काय, हा प्रश्न २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांवर सोपविला. बाराही सभांनी नकार दिला आणि डोंगरिया कोंधांचा नियमराजा वाचला.

सुरजागडचे भाग्य तसे नव्हे. ज्या डोंगरावर माडिया बांधव ठाकूरदेवाची यात्रा भरवितात, तेथे त्यांचा विरोध असताही २०१६ पासून लोहखनिज काढले जात आहे. कोळशाच्या खाणींशेजारी नांदणाऱ्या वणीकरांस खणलेली भूमी कशी दिसते, हे सांगावयास नको. आपल्या मंदिराचा एक चिरा हलला तर आपण गाव गोळा करू. ठाकूरदेवाचा डोंगर फुटत असता आपल्या देवघरांतून कितीसा शब्द उमटला?