चूक मुलाची की आपल्या कानाची?

सातवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले, 'अब्बांची दुकान सकाळी उघडते. रस्त्यावरून भाजीवाल्याची आवाज येते.' पूर्वी मी लाल रेघ मारून मोकळा होत असे. आता थांबतो. हे मूल व्याकरण मोडत नाही, पाळते आहे. फक्त ते व्याकरण घरचे आहे. उर्दूत दुकान आणि आवाज दोन्ही स्त्रीलिंगी. मराठीत शब्द तेच, पण दुकान नपुंसकलिंगी आणि आवाज पुल्लिंगी. उर्दूत तर नपुंसकलिंगच नाही.

भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे तो कुठवर पोहोचला याची खूण. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या टप्प्यावरच्या भाषेलाही स्वतःचे नियम असतात असे सांगितले. बी.एड.ला हे आपण परीक्षेपुरते वाचतो. वर्गात आल्यावर मात्र म्हणतो, 'यांचे मराठी कच्चेच.' असे दोन-चारदा ऐकले की मूल हात वर करायचे सोडते. खरे नुकसान तिथे होते.

आपल्या घरातही दोष आहे. दखनी बोलणाऱ्या मुलाला उर्दूचा शिक्षक टोकतो, ''नको' हा काय उर्दू लफ्ज आहे?' नाही, तो मराठीतून दखनीत आला आणि शतकानुशतके नांदतो आहे. 'वोइच', 'ऐसाइच' मधला जोरही मराठी 'च'चाच. म्हणजे ज्या मुलाला आपण मराठीपासून दूर समजतो, त्याच्या जिभेवर मराठी आधीच आहे.

काही पालकांना सल्ला मिळतो, 'घरी उर्दू बंद करा, मराठी सुधारेल.' हा सल्ला उलटा आहे. एका भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते, हे जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आले आहेत.

मग चूक दुरुस्त करायचीच नाही? करायची. परीक्षेत गुण जातात, पुढे नोकरीचा अर्जही मराठीत लिहायचा असतो. पण फळ्यावर 'आवाज आई' आणि 'आवाज आला' शेजारी लिहा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. पाच मिनिटे लागतात. मुलाला कळते, की आपली घरची भाषा चूक नाही, ती वेगळी आहे. ते कळलेले मूल पुन्हा हात वर करते.