पाळी कुणाची?

आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा जवळ आली, की बेळगावच्या आसपासच्या घरांतून एकच चर्चा सुरू होते. कोण कुणाला नेणार, किती वाजता निघायचं आणि पाळण्यात कोण बसणार? आमची कंग्राळी याला अपवाद नाही. गावोगावच्या महालक्ष्मीच्या यात्रा तर काही वर्षांच्या अंतरानं येतात, त्यामुळं त्यांची ओढ वेगळीच. मराठीत यात्रा म्हणा की कन्नडमध्ये जात्री, देवीची ओटी भरून झाली की मुलांचे पाय आपोआप वळतात ते पाळण्यांकडे आणि खेळांच्या स्टॉलकडे. रिंग टाकून साबणाची वडी जिंकायची, छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचे, चेंडूनं डब्यांची उतरंड पाडायची.

पण यात्रा संपली की काय? पाळणेवाले पुढच्या गावाला जातात आणि मुलं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. म्हणूनच, मंडळी, आज एका अशा खेळाविषयी लिहायचं आहे, ज्यानं ही यात्रेतली दुकानं घरातल्या टीव्हीवर आणली.

या खेळाचं नाव ‘कार्निव्हल गेम्स’. अमेरिकेतल्या ‘कॅट डॅडी गेम्स’ या कंपनीनं तो तयार केला आणि २००७ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रासाठी तो बाजारात आला. जाणकार समीक्षकांनी फारसं कौतुक केलं नाही, पण घराघरातल्या लोकांनी तो उचलून धरला. कारण सोपं होतं. त्यात मारामारी नाही, रक्त नाही, बटणांची पाठांतरं नाहीत. बाटलीवर रिंग टाकणं, बास्केटमध्ये चेंडू टाकणं, हातोडा हाणून घंटा वाजवणं, उतारावरून चेंडू घरंगळवून गोल भोकात पाडणं असे पंचवीसहून जास्त जत्रेतले खेळ त्यात आहेत. छोटी बक्षिसं जमवायची आणि ती देऊन मोठं बक्षीस घ्यायचं, ही तिकडच्या जत्रेची रीतही त्यात तशीच आहे. २०१८ मध्ये त्याच नावाचा नवा खेळ स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांसाठी निघाला. ‘वी’चं उत्पादन २०१३ मध्ये थांबलं, तरी दहा कोटींहून अधिक यंत्रं विकली गेल्यामुळं जुनी अजून अनेकांकडे सापडतात.

आमच्याकडे असंच एक जुनं यंत्र भाच्यानं परदेशातून येताना आणलं. आमचं घर या भागातल्या पुष्कळ घरांसारखं दोन भाषांचं. मी मराठी, धाकट्या जाऊबाई गोकाककडच्या, कन्नड. मुलं माझ्या सासूबाईंना ‘आज्जी’ म्हणतात आणि जाऊबाईंच्या आईंना ‘अज्जी’. एका मात्रेचा फरक, पण हाक मारली की कुणाला मारली हे दोघींना बरोबर कळतं. दोघी एकमेकींशी बोलतात ते मात्र बेतानंच. चहा झाला का, गुडघे कसे आहेत, पाऊस किती पडला. त्यापुढं शब्द संपतात.

दिवाळीच्या सुट्टीत अज्जी राहायला आल्या आणि मुलांनी दोघींनाही टीव्हीसमोर उभं केलं. हातात तो पांढरा कांडीसारखा रिमोट. चेंडू फेकतो तसा हात हलवायचा, बस्स! पहिल्या दोन फेऱ्या हसण्यातच गेल्या. तिसऱ्या फेरीत अज्जींनी चेंडू असा अलगद घरंगळवला की तो थेट मधल्या भोकात. अज्जी ओरडल्या, “गेद्दे!” कधी नव्हे ते सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे काय गं?” सात वर्षांच्या पुतण्यानं लगेच सांगितलं, “जिंकले म्हणतात, आज्जी!” आणि सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, “मग आता माझी पाळी.”

गंमत अशी, की या वाक्यातला ‘पाळी’ हा शब्द कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. मराठीत ‘माझी पाळी’, कन्नडमध्ये ‘नन्न पाळी’. शब्द तोच. चारजणांनी एकच रिमोट हातोहात फिरवायचा, आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचा खेळ बघायचा, त्याला हसायचं आणि चांगला फेकला तर शाबासकी द्यायची, हाच या खेळाचा खरा गाभा आहे.

हे चालतं कसं, असं घरातल्या मोठ्यांनी विचारलं, तेही सांगण्यासारखं आहे. रिमोटमध्ये एक बारीक चिप असते. हात किती वेगानं आणि कुठल्या दिशेनं झटकला, हे ती ओळखते. टीव्हीवर ठेवतात ती पट्टी काहीतरी मोजत असेल असं वाटतं, पण ती फक्त डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडते. तो बघणारा कॅमेरा असतो रिमोटच्या टोकाला. त्यामुळं पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या थोड्या अंतरावर लावल्या तरी रिमोट फसतो आणि काम करतो. लहान मुलांच्या घरात हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. रिमोटला मनगटात अडकवायची दोरी असते, ती घातल्याशिवाय खेळू देऊ नका. ‘वी’ आला त्याच वर्षी, २००६ च्या डिसेंबरमध्ये, पातळ दोऱ्या तुटून रिमोट उडाल्याच्या तक्रारी झाल्या आणि कंपनीला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. हातोडा मारण्याच्या खेळात तर मुलांच्या अंगात वारंच शिरतं. टीव्हीपासून चार पावलं लांब आणि एकमेकांपासून हातभर लांब उभं राहायचं, हा आमच्या घरचा नियम आहे.

आता कुणी म्हणेल, ही कसली जत्रा? धूळ नाही, भजी नाही, चिरमुरे-बत्तासे नाहीत, बक्षीस तेवढं पडद्यावरच. खरं आहे. शिवाय यंत्रातली बाटली प्रामाणिक असते. यात्रेतल्या दुकानात रिंग ही लाकडी ठोकळ्यापेक्षा जेमतेम मोठी असते, ती अगदी सपाट पडली तरच आत बसते. फुग्यात हवा कमी भरली की तो सहज फुटत नाही. बंदुकीची माशी किंचित वाकडी असली की नेम धरणारा चुकतो. हे मुलांना समजावून सांगितलं तर तोही एक धडाच आहे. दहा रुपयांत गणितही कळतं आणि हरणंही पचतं. पुढच्या यात्रेत तो दहाचा खेळ मुलांना जरूर खेळू द्या. पाळणेवाल्याचं नि रिंगवाल्याचं कुटुंब गावोगाव फिरतं ते त्याच दहा-दहा रुपयांवर. आपला टीव्ही त्यांच्या पोटाला काही देत नाही.

पण मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्याच जत्रेची. ती मोबाइलमध्ये भरते, रात्री दार लावून भरते आणि तिथं पाळी कुणाचीच नसते. आमच्या ओळखीतल्या एका घरातल्या कॉलेजकुमारानं पैशांच्या खेळात वडिलांच्या खात्यातली रक्कम घालवली. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण तो एकटाच खेळत होता. हरला तेव्हाही एकटाच होता. यात्रेत खिसा रिकामा झाला की पोरगं गुमान परत येतं. मोबाइलमध्ये खिसा बापाचा असतो आणि तळ दिसत नाही.

कौशल्य कुठलं आणि जुगार कुठला, हा वाद काही आजचा नाही, आणि त्यात सीमेपलीकडचा खेळही जुनाच. त्या काळी म्हैसूर राज्यातल्या बंगळूरहून निघणाऱ्या एका वर्तमानपत्रात बक्षिसांचं शब्दकोडं यायचं आणि मुंबई राज्यातले लोक पैसे भरून ते सोडवायचे. मुंबई सरकारनं त्यावर कर लावला आणि आर. एम. डी. चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की जुगार हा घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. ज्यात मुख्यतः कौशल्य लागतं त्या स्पर्धांची गोष्ट मात्र वेगळी. कर्नाटकानं २०२१ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदीची तरतूद केली.

कायदा त्याचं काम करील. पण कायदा आपल्या माजघरात बसून मुलाशी खेळणार नाही. मुलाला खेळ हवा असतो, जिंकायचं असतं आणि जिंकल्यावर बघणारं कुणीतरी हवं असतं. ते घरात मिळालं नाही तर तो दार लावून दुसरीकडे शोधतो.

त्यासाठी यंत्रच पाहिजे असं मुळीच नाही. अंगणात रिकाम्या डब्यांची उतरंड रचा, जुन्या मोज्यांचा चेंडू करा. सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापा आणि पाण्यानं भरलेल्या बाटल्यांवर टाका. बक्षीस म्हणून शेंगदाण्याचा लाडू ठेवा. यंत्र असेल तर उत्तमच, पण नियम तेच ठेवा. रिमोट एकच, खोलीचं दार उघडं, पैसे अजिबात नाहीत. सर्वांत लहान मुलाची पाळी पहिली आणि सर्वांत मोठ्या माणसाला एक फेरी जास्त.

सुट्टी संपली, अज्जी गोकाकला गेल्या. आता त्यांचा फोन आला की सासूबाई जाऊबाईंच्या हातून तो मागून घेतात. गुडघे आणि पाऊस झाला की विचारतात, “मत्ते यावाग बरतीरी?” पुन्हा कधी येणार? एवढं कन्नड त्या पुतण्याकडून शिकल्या. पलीकडून अज्जी मराठीत म्हणतात, “येते की! माझी पाळी ठेवा.”

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी संध्याकाळी एक तासभर घरातले सगळे मोबाइल फडताळात ठेवा आणि विचारा, पहिली पाळी कुणाची? ज्या भाषेत उत्तर येईल, ती आपलीच.